कॅज्युअल्टीतली एचआयव्ही चाचणी: या चुका टाळा

रात्रपाळीला नवा इंटर्न आला की मी आधी त्याचं मनगट बघतो. घड्याळ नसेल तर किटला हात लावू देत नाही.

एकदा मध्यरात्रीनंतर मोटारसायकलवरून पडलेला तरुण आला. इंटर्नने त्याच्या बोटाला टोचून किटमध्ये रक्ताचा थेंब आणि बफर (किटसोबत येणारं द्रावण) टाकलं, किट ट्रेमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या पेशंटला टाके घालायला गेला. परत आला दीड तासाने. 'टी'पाशी, म्हणजे चाचणीच्या रेघेच्या जागी, फिकट रेघ. पठ्ठ्याने केसपेपरवर लाल पेनने 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलं. एक्स-रेला नेताना तो केसपेपर होता मेव्हण्याच्या हातात. सकाळी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, नव्याने रक्त घेतलं, नॉन-रिॲक्टिव्ह निघालं, म्हणजे 'टी'ची रेघ आलीच नाही. मेव्हण्याने तोवर गावाकडे फोन लावला होता. कागदावरचं खोडता येतं, फोनवरचं काय खोडणार?

किट किती मिनिटांनी वाचायचं आणि किती वेळानंतर वाचायचं नाही, हे डब्यातल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. वेळ टळल्यावर सुकत्या पट्टीवर उगाच रेघ उमटू शकते, ती धरायची नाही. वेळेत दिसलेली रेघ मात्र कितीही फिकट असो, रिॲक्टिव्हच. 'फिकट आहे, सोडा सर' हे मला ऐकवू नका. मी किटवरच मार्करने वेळ लिहितो आणि मोबाईलचा गजर लावतो. पोरं हसतात, हसू देत.

आणि कॅज्युअल्टीतल्या एका किटवर 'पॉझिटिव्ह' हा शब्द लिहायचाच नाही. तो आयसीटीसीत, वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्यावर.

किट नीट चाललं हे सांगणारी 'सी'ची रेघ नाही? किट बाद, नवीन घ्या. एका कंपनीच्या किटला दुसरीचं बफर? तेही बाद.

दुसरी खोड म्हणजे सहीच्या गठ्ठ्यात चाचणीची संमती सरकवणं. 'रुटीन आहे, करा सही.' २०१७चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. संमती समजावून घ्यायची, आणि 'आधी रिपोर्ट, मग टाके' असं म्हणायचं नाही. रिपोर्ट काहीही येवो, ग्लोव्ह्ज प्रत्येकालाच घालायचे असतात. मी नातेवाइकांना चहाला पिटाळतो, पडदा ओढतो, स्टूल घेऊन बसतो आणि मग विचारतो. पाच मिनिटं लागतात. ज्यांना पाच मिनिटं जड वाटतात, तेच नंतर तासभर नातेवाइकांशी हुज्जत घालत बसतात.

नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजे सुटलो, असंही नाही. संसर्ग ताजा असेल तर किटला दिसत नाही. गेल्या काही आठवड्यांतली जोखीम विचारा आणि पुन्हा तपासणीची तारीख लिहून द्या.

तुम्हालाच सुई टोचली तर बोट पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा. पेशंटच्या रिपोर्टची वाट बघू नका. एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर नाही, आणि पुढे २८ दिवस. आमच्याकडे गोळ्या सिस्टरच्या कपाटात असतात. किल्ली कुणाकडे आहे, हे ड्यूटीवर आल्या आल्या विचारून ठेवा.