असेंबल केलेला पीसी सुरू व्हायला वेळ लागतोय? आधी वेळ कुठे जातो ते बघा

पीसी उशिरा सुरू होतो म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, नाहीतर रॅम वाढवा. कॅबिनेट उचलून इंदूरच्या जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलला दुरुस्तीसाठी नेण्याआधी घरीच एवढं शोधा, की वेळ विंडोज येण्याआधी जातो की नंतर. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि उगाच रॅम घेणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या पानावर जा. बहुतेक नव्या मदरबोर्डांवर तिथे वर उजवीकडे ‘लास्ट बायॉस टाइम’ दिसतो. बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, म्हणून हा विंडोज येण्याआधीचा वेळ. तो १०-२० सेकंद असेल तर बोर्ड ठीक आहे, वेळ विंडोजमध्ये जातोय. त्याच पानावरचे नको असलेले प्रोग्राम डिसेबल करा. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर घ्या. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आकडा बराच मोठा असेल तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क सगळं काढून पुन्हा बघा. मग बायॉसमध्ये बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिला करा. डेटासाठी लावलेली जुनी हार्ड डिस्कही सुरुवात अडवून धरते. तिची सॅटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) काढून पीसी चटकन सुरू झाला तर चोर सापडला. आधी केबल बदलून बघा आणि डेटाची कॉपी त्याच दिवशी करा.

डीडीआर५ रॅमच्या नव्या पीसीवर पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, मध्येच बटण दाबू नका. रोजच तसं होत असेल तर बायॉस अपडेट करा, पण यूपीएस असेल तरच.

पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच नाही? बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहतो, अडचण तिथे. डीरॅमचा असेल तर स्विच बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरने हलकेच पुसा, भुगा झटका. एकच कांडी लावून बघा. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा. खटका ‘टक्’ वाजेपर्यंत कांडी दाबा. अर्धवट बसलेली रॅम वरून नीटच दिसते.

दर वेळी तारीख मागे जाते, एफ१ दाबायला सांगतो? मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. आपल्याकडे रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतात, तेव्हा घड्याळ याच सेलवर चालतं. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलल्यावर बायॉसमध्ये तारीख आणि बूटचा क्रम पुन्हा लावा.

एवढं करूनही पीसी आपोआप बंद पडत असेल तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या. तो घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. दुकानदाराला बायॉसचा आकडा आणि पेटलेल्या दिव्याचं नाव सांगा.