‘डिपोर्ट’ म्हणताना या चुका टाळा

फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान तिथून बाहेर काढलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, तेव्हापासून ‘डिपोर्ट’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. तो वापरताना होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे डिपोर्ट झालेल्याला सरसकट गुन्हेगार ठरवणं. व्हिसाची मुदत संपल्यावर मागे राहिलेला माणूसही डिपोर्ट होतो. त्यासाठी फौजदारी खटला चालून दोषी ठरावंच लागतं असं नाही. गावी परतलेल्या पोराकडे लोक संशयाने बघतात, त्यात या गैरसमजाचा मोठा वाटा असतो.

आपल्याच इतिहासात हा फरक लख्ख दिसतो. १९०७ साली लाला लजपत राय यांना १८१८च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवताच मंडालेला नेलं. ते डिपोर्टेशन. पुढच्याच वर्षी लोकमान्य टिळकांची रवानगीही मंडालेलाच झाली, पण मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालून, ज्यूरीने दोषी ठरवल्यावर. त्यांना झालेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा म्हणजे ट्रान्सपोर्टेशन. पुढे तिचं साध्या कैदेत रूपांतर झालं. तेव्हा टिळक ‘डिपोर्ट’ झाले असं लिहू नये.

यातला ‘पोर्ट’ बंदराचा नाही. लॅटिनमध्ये ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं, ‘दे’ म्हणजे दूर. पोर्टर आणि एक्स्पोर्ट याच कुळातले. रोमन कायद्यात ‘देपोर्तातिओ’ झालेल्याला बहुधा बेटावर धाडत, नागरिकत्व आणि मालमत्ताही जाई. ‘रेलेगातिओ’ ही सौम्य शिक्षा. सम्राट ऑगस्टसने कवी ऑविडला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी धाडलं, ते या दुसऱ्या प्रकारात. आपले हक्क शाबूत आहेत, हे त्याने कवितेत आवर्जून नोंदवलं. शब्दाच्या नेमकेपणावर माणसाची पत अवलंबून असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिल २०२५मध्ये २६/११च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं, ते डिपोर्टेशन नव्हे, प्रत्यार्पण: खटल्यासाठी भारताने त्याची मागणी केली होती.

तडीपारीचा तर देशाच्या सीमेशी संबंधच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार माणसाला ठरावीक भागातून, फार तर दोन वर्षांसाठी बाहेर काढतात. पोलीस त्यालाही ‘हद्दपार’ म्हणतात, म्हणून डिपोर्टसाठी नुसतं ‘हद्दपार’ न लिहिता ‘देशातून हद्दपार’ लिहावं.