उंदराच्या पोटाच्या सर्जरीनंतर दाह कसा मोजायचा

यंदा एम.फार्म.ला आलेल्या एका मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ताई, सीआरपीचं किट कुठून मागवू?" सीआरपी हे दाह मोजायला वापरतात ते रक्तातलं एक प्रथिन, आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही त्याचंच किट मागवलं होतं. तेव्हा सांगलीच्या उन्हात आइसबॉक्स छातीशी धरून मी लॅबमध्ये आले, दोन दिवस खपून किटची प्लेट (छोट्या खळग्यांची तबकडी) चालवली, आणि ज्यांना कुणी हातही लावला नव्हता अशा उंदरांचे आकडे सर्जरी झालेल्यांच्या जवळपासच आले. चूक किटची नव्हती. निरोगी उंदराच्या रक्तात सीआरपी मुळातच भरपूर असतं आणि ऑपरेशननंतर ते जेमतेम वाढतं. माणसात आणि सशात ते उत्तम चालतं, रॅटमध्ये, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या उंदरात, नाही.

म्हणून आधी प्राणी ठरवा, मग किट. रॅटसाठी अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन घ्या. निरोगी उंदरात ते जवळजवळ नसतंच आणि पोट उघडल्यावर एक-दोन दिवसांत कित्येक पटींनी चढतं. माईस, म्हणजे छोटे उंदीर, असतील तर सीरम अमायलॉइड ए घ्या. जोडीला आयएल-६ (इंटरल्यूकिन-६, दाहाचा संदेश देणारं प्रथिन) हवंच, पण ते काही तासांतच वर जाऊन उतरायला लागतं. चोवीस तासांनी पहिलं रक्त काढलं तर ते निसटलेलं असतं.

आता गट. "कंट्रोल आणि सर्जरी" एवढ्यावर भागत नाही. एक गट नुसत्या भुलीचा, दुसरा पोट उघडून लगेच शिवलेला, तिसरा पोट उघडून आतडं हाताळलेला. हे तीन नसतील तर वाढलेला आकडा भुलीचा, कापण्याचा की आतडं चिवडण्याचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. एथिक्स कमिटीच्या अर्जात हे तिन्ही गट आणि प्राण्यांची संख्या कारणासकट लिहा. मंजुरी हातात येईपर्यंत एकाही पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

वेदनाशामकाबद्दल मी हट्टी आहे. "औषधानं दाह कमी होईल, म्हणून देत नाही" हे कारण मला मान्य नाही. मेलोक्सिकॅमसारखं औषध दाहावरच काम करतं हे खरं, मग पशुवैद्यकांशी बोलून ब्युप्रेनॉर्फिनसारखं दुसरं निवडा आणि तिन्ही गटांना सारखंच द्या. दुखणारा प्राणी खात नाही, हलत नाही, त्याचे ताणाचे हार्मोन चढलेले असतात. असा प्राणी तुमचा आकडाही बिघडवतो.

प्राणी आल्यावर आठवडाभर त्यांना स्थिरावू द्या. रोज त्याच वेळी हातात घ्या, वजन करा. सर्जरीच्या तीन दिवस आधी पहिलं रक्त काढा. हा आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात रक्त साधारण १६ मिली असतं, त्यातलं १० टक्के, म्हणजे दोन आठवड्यांत १.६ मिलीपर्यंतच घ्यायचं. मी आधी, मग ६, २४ आणि ७२ तासांनी प्रत्येकी ०.३ मिली घेते. त्यातून सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) जेमतेम ०.१२ मिली निघतं. आयएल-६ला प्लेटमधल्या ५० मायक्रोलिटरच्या दोन विहिरी (खळगे) भरल्या की संपलं. ६ तासांचं सॅम्पल त्यासाठीच राखून ठेवा. अल्फा-२ला सीरम खूप पातळ करावं लागतं, तिथं थेंबभर पुरतं.

सर्जरी सकाळी ९ ते १२मध्येच. रॅट निशाचर, त्याचं ताणाचं हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळकडे चढतं आणि ते दाह दाबतं. सकाळचा उंदीर आणि चारचा उंदीर एका तक्त्यात बसत नाहीत. चीर सगळ्यांना सारखी, आतडं बाहेर ठेवण्याची मिनिटं घड्याळ लावून. गॉज कोमट सलाइननं भिजवलेलं, कोरडं गॉज आतड्याला खरवडतं. हातमोजे पावडर नसलेलेच घ्या, कारण ती पावडर पोटात पडली की स्वतःच दाह उठवते. भुलीत अंग गार पडतं, त्यामुळे खाली गरम पॅड आणि तापमानाची नोंद दोन्ही हवं.

नंतरचे तीन दिवस फक्त रक्तावर विसंबू नका. वजन, खाणं आणि चेहरा बघा. रॅटच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी २०११पासून आहे: डोळे मिटल्यासारखे, नाक-गाल सपाट, कान वळलेले, मिशा ताठ. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आमचे ॲनिमल हाऊसमधले मामा ही पट्टी न वाचता ओळखतात. "ताई, ह्यो मागचा आज खाईना बघा," असं ते म्हणाले आणि त्या उंदराचे टाके आतून सुटलेले निघाले. किती वजन घटलं की प्रयोग थांबवायचा, हे अर्जातच लिहिलेलं असावं आणि पाळावं.

शेवटच्या दिवशी, प्राण्याला वेदनारहित मरण दिल्यावर, पोटात १० मिली थंड पीबीएस (फॉस्फेट मिसळलेलं सलाइन) सोडा, मिनिटभर हलकं चोळा, परत ओढा. किती मिली परत आलं ते लिहा, नाहीतर पेशींची संख्या फसवी निघते. लीशमनच्या रंगात रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) बघून पांढऱ्या पेशी मोजा. निरोगी रॅटच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त असतात, सर्जरीनंतर न्यूट्रोफिल वर येतात. आतड्याच्या तुकड्यात एमपीओ (मायलोपेरॉक्सिडेज, न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम) मोजणार असाल तर एक सूचना खास सांगलीकरांना. आपल्याकडे दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हळद असते. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि एमपीओचं रीडिंग ४६०ला असतं. हळद दिलेल्या गटाच्या ऊतींचा, रंग देणारं रसायन न घातलेला वेगळा ब्लँक ठेवा आणि तो वजा करा.

सीरम लाल दिसलं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, तर वहीत लिहा. प्रत्येक सॅम्पल तीन छोट्या नळ्यांत वाटून उणे ८०मध्ये ठेवा, वितळवून पुन्हा गोठवू नका. नळ्या दोन वेगळ्या इमारतींत असल्या तर उत्तम. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, वीज गेली, जनरेटरपर्यंत पाणी आलं. माझ्या ४० उंदरांचं सीरम त्या फ्रीझरमध्ये वितळलं. तेवढे प्राणी पुन्हा मागायला कमिटीसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना.

प्लेट भरताना एक गट एका प्लेटवर आणि दुसरा दुसरीवर असं कधी करू नका. प्रत्येक प्लेटवर तिन्ही गट मिसळून भरा, आणि एका उंदराची चारही सॅम्पल त्याच प्लेटवर ठेवा. नळ्यांवर गटाचं नाव नको, नुसते क्रमांक, आणि क्रमांकांची यादी रीडिंग संपेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे.