दहा दिवसांची मेथी, अंगणवाडीच्या दारात

मानखुर्दच्या आमच्या अंगणवाडीत भाजी लावायची ठरवली तेव्हा मी टोमॅटोपासून सुरुवात केली. ती चूक होती. टोमॅटो हातात यायला अडीच-तीन महिने लागतात. चार वर्षांच्या पोराला उद्या आणि परवा यातला फरक नीट कळत नाही, ते इतकी वाट कशी बघणार? फळ धरलं तोवर पोरांनी कुंडीकडे बघणंही सोडलं होतं. लाल व्हायच्या आत उंदरांनी ते फस्त केलं.

तेव्हापासून मी समुद्रमेथीनेच सुरुवात करते. बोटभर उंचीची, मुळांसकट छोट्या जुड्या बांधलेली, किनाऱ्यालगत रेतीत पिकणारी ही मेथी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. बी घरात असतंच, मसाल्याच्या डब्यात. दहा-बारा दिवसांत ती उपटून खाता येते. आमच्या गल्लीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट सात दुकानांत मिळतं आणि पालेभाजीची गाडी आठवड्यातून दोनदा येते. पावसाळ्यात भाव असा चढतो की आया जुडी हातात घेऊन परत ठेवतात. अशा ठिकाणी दहा दिवसांत ताटात येणारी हिरवी भाजी ही मोठी गोष्ट आहे.

भाजीवाल्याकडून टोमॅटोचं फुटकं कॅरेट मागून आणा. आत गोणपाट अंथरा. त्यावर चार बोटं रेती आणि चाळलेलं खत निम्मं-निम्मं मिसळून भरा. बांधकामावरची रेती चालते, पण दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. चौपाटीवरची आणू नका, तिच्यात खार असतो. मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवा, सकाळी दाट पेरा, अगदी दाण्याला दाणा लागेल असे. वरून बोटाच्या पेराएवढीही नको, नुसती दाणे झाकतील इतकीच रेती भुरभुरा. ओलं गोणपाट टाकून दोन दिवस झाकून ठेवा.

तिसऱ्या दिवशी गोणपाट पोरांनाच उचलू द्या. मागच्या खेपेला एक मुलगी उकिडवी बसून ते पांढरे मोड बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, याला शेपटी फुटली." त्या दिवसापासून घरी जायच्या आधी ती रोज कॅरेटपाशी थांबायची.

पाण्यासाठी बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडा, म्हणजे पोरांच्या हातून धो-धो पडत नाही. आमच्याकडे नळाला पाणी थोडाच वेळ येतं, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मदतनीस ताई बादलीत साठवतात. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला घालू नका.

आता मातीबद्दल, आणि हे नीट ऐका. आमची वस्ती देवनारच्या डम्पिंग ग्राउंडपासून लांब नाही. अशा जागेच्या किंवा नाल्याकाठच्या मातीत शिसं आणि इतर जड धातू असू शकतात. पालेभाजी ते मुळांतून ओढून घेते, मग कितीही धुतली तरी जात नाही. पहिल्या वर्षी मी नाल्याजवळची काळीभोर माती बघून दोन गोण्या भरून आणल्या होत्या. एका आईने विचारलं, "ताई, तिथे काय काय टाकतात ते बघितलंय ना?" सगळी माती टाकून दिली. मेथीला वरचं रेती-खत पुरतं. पुढच्या भाज्यांना माती लागलीच तर तुम्हीही ती नर्सरीतून घ्या, थोडीच घ्या, कॅरेटचं बाकीचं पोट खताने भरा.

खतासाठी रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणा. ती फुकट मिळतात, पण एक दिवस पाण्यात भिजवून गोडवा काढा, नाहीतर मुंग्यांचं राज्य होतं. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये चिपाडं, वर खिचडीच्या भाज्यांची सालं, पुन्हा चिपाडं, असे थर लावा. आठवड्यातून एकदा हलवा. शिजलेलं अन्न घालू नका, त्याच्यावरच उंदीर येतात. दोन-अडीच महिन्यांत खत होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच बाग उभी केली. जमीन नसली तरी अडत नाही, हा धीर मला त्यांच्या कामातून आला.

मेथी उपटायच्या दिवशी प्रत्येक पोराने आपली मूठ उपटायची, तीन पाण्यांत धुवायची, आणि ती त्याच दिवशी मुगाच्या खिचडीत जाते. वरून लिंबू पिळाच. पाल्यातलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. बाजारची मेथी ताटाच्या कडेला सारणारी पोरं ही खातात. "माझी कुठली?" म्हणून शोधत खातात.

दर सोमवारी एकच कॅरेट पेरा, सगळी एकदम नको. दोन फेऱ्या झाल्या की लाल माठ घ्या, तो तीन-चार आठवड्यांत येतो. पालक आणि कोथिंबीर थंडीत. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, मगच पेरा. पालेभाजीला तीन-चार तास ऊन मिळालं तरी भागतं, म्हणून खिडकीचं ग्रिलही चालतं. जमिनीपासून उंच असलं की उंदरांचा त्रासही कमी.

पावसात मेथी कुजते, तेव्हा अंबाडी लावा. आमचं अंबाडीचं बी जालन्याकडच्या एका आजीने पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. दोन झाडं तशीच ठेवून बोंडं वाळू देतो, त्यातून पुढच्या वर्षाचं बी निघतं. गेल्या पावसाळ्यात नऊ घरांच्या खिडक्यांत तेलाच्या डब्यांमध्ये ती उभी होती. यंदा बी कागदाच्या पुड्यांत बांधून कपाटात ठेवलंय. मृगाच्या आधी या, चिमूट-चिमूट सगळ्यांना मिळेल.