मीलनकाळातील काळवीट आमिषाशिवाय जवळून कसे पाहावे

अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करताना प्लास्टिकचा बनावट नर उभा करतात, कारण त्या दिवसांत खरा नर प्रतिस्पर्धी दिसताच चालून येतो. ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. शिंगांवर जाळे घातलेले माणसाळलेले काळवीट रानातल्या कळपाकडे सोडण्याचे वर्णन ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आज मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार काळविटाची शिकार हा गुन्हा असून आमिष दाखवणे किंवा फासे लावणेही ‘शिकार’ या व्याख्येतच येते. फोटोसाठीदेखील बनावट नर किंवा ध्वनिमुद्रित आवाज वापरू नये.

तशी गरजही नसते. मीलनकाळात काळवीट आपली जागा ठरवून घेतो आणि एकाच ठिकाणी लेंड्या टाकून तिची खूण राखतो. त्यामुळे त्याला बोलावण्यापेक्षा तो जिथे हमखास परत येणार, ती जागा शोधणे सोपे.

नाशिकहून निफाडमार्गे येवला गाठावे आणि तिथून ईशान्येला ममदापूर-राजापूरच्या माळाकडे वळावे. राखीव क्षेत्रात शिरण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी. मीलन वर्षभर चालू असले, तरी मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याला जोर असतो. पावसाळ्यानंतरचे दिवस मला अधिक पसंत आहेत, फक्त काळ्या मातीत गाडी रुतणार नाही हे पाहावे.

पहिल्या सकाळी कॅमेरा बाजूला ठेवून रस्त्यावरूनच दुर्बिणीने माळ न्याहाळावा. उघड्या जागी एकटाच उभा असलेला काळा नर आणि त्याच्या पायाशी लेंड्यांचा पसरट, काळपट ढीग दिसला, की जागा सापडली. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने, गाडी वाटेवरच आडवी लावून इंजिन बंद करावे. गाडीतून उतरू नये. काळविटाची सारी भिस्त नजरेवर असते. पहिल्या खेपेस मी पांढऱ्या सदऱ्यात बांधावर उभा राहिलो आणि अख्खा कळप उड्या मारत ज्वारीपलीकडे दिसेनासा झाला.

मादी जवळ आली, की नर नाक वर करतो, पिळदार शिंगे पाठीला टेकवतो, कान खाली पाडतो आणि घोगरा हुंकार देत तिच्याभोवती ताठ पावलांनी फिरतो. डोळ्यापुढच्या ग्रंथीची फट या वेळी उघडलेली असते, 400 मिलिमीटरच्या लेन्समधून ती स्पष्ट टिपता येते. दोन नरांची शिंगे भिडली, तरी गाडी पुढे घेऊ नये. बिथरलेली हरणे डांबरी रस्त्याकडे किंवा कठडा नसलेल्या विहिरींकडे धावतात, म्हणून कळप मान वर करून एकटक पाहू लागला तर आपणच हालचाल थांबवावी.

उन्हे चढल्यावर हरणे सावलीला सरकतात. ती टेकाडाआड गेल्यावरच गाडी सुरू करावी.