थंडरबर्डमध्ये मेल लावताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना असो, शहापुरातलं दुकान असो की निपाणीतली वखार, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये मेल लावून द्यायला गेलं की घोळ तेच तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मेल घ्यायच्या दोन पद्धतींपैकी आयमॅपऐवजी पॉप निवडणं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, त्यामुळं कॉम्प्युटर, मोबाईल आणि ब्राउझर तिन्हीकडं तोच दिसतो. पॉप तो उतरवून घेतो आणि सेटिंग असेल तसा सर्व्हरवरून काढूनही टाकतो. लोक पॉप घेतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, होस्टिंगवाल्यानं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमचे मेल असतात त्यानं, दिलेली जागा भरलेली असते आणि नवीन मेल परत जायला लागलेले असतात.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये असंच झालं. जागा भरली, तेव्हा मालकांच्या पाहुण्यातल्या एका पोरानं पॉप लावलं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण काढली. मेल भराभर यायला लागले, सगळे खूश. पुढं पावसाळ्यात लाईटीची ये-जा सुरू झाली, यूपीएसची बॅटरी कधीचीच संपलेली, आणि एक दिवस हार्डडिस्क गेली. मालक तेव्हा पुण्यात गिऱ्हाइकासमोर बसलेले. ड्रॉइंग दाखवायला मोबाईलवर वेबमेल उघडलं तर इनबॉक्स रिकामा. मला फोन आला, "मेल गेले कुठं ओ सगळे?" ते त्या बंद पडलेल्या डिस्कवर होते, दुसरीकडं कुठंच नव्हते. परचेस ऑर्डरी आणि ड्रॉइंगं एकेका गिऱ्हाइकाकडून पुन्हा मागवावी लागली. पाच मिनिटांत काम उरकल्याचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेबही बघावा.

तुमच्याकडं पॉप लागलं असेल तर ते खातं आधी डिलीट करू नका. थंडरबर्ड बंद करा, त्याचं प्रोफाइल फोल्डर (मेल आणि सेटिंग सगळं यातच असतं) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मगच तोच पत्ता आयमॅपनं नव्यानं जोडा आणि जुने मेल थोडे थोडे करून त्यात कॉपी करा. मी एका वेळी दोन-तीनशेच घेतो, हजारो एकदम ओढले की मध्येच अडकतं. जागा कमी असेल तर जुन्या वर्षांचे मेल कॉम्प्युटरवरच राहणाऱ्या लोकल फोल्डर्समध्ये हलवा आणि त्यांचा बॅकअप ठेवा, किंवा सरळ जागा विकत घ्या. मी जागा विकत घ्यायलाच सुचवतो.

दुसरा घोळ पासवर्डचा. जीमेलचा पासवर्ड बरोबर आहे, तरी थंडरबर्ड घेत नाही, म्हणून लोक तोच दहा वेळा टाइप करतात, मग पासवर्डच बदलतात आणि मोबाईलही लॉगआउट करून बसतात. गुगलनं २०२२च्या मे अखेरीपासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. 'लेस सिक्युअर ॲप्स चालू करा' म्हणणारे जुने व्हिडिओ आता बघूच नका. अकाउंट सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशन ओऑथ२ करा (पासवर्ड थंडरबर्डला न देता गुगलच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत), गुगलची खिडकी उघडेल, तिथं लॉगिन करा. हे इनकमिंगला करा तसंच आउटगोइंगलाही करा. खिडकी येऊनही पुढं सरकत नसेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केल्यात का बघा. ओऑथ२ न कळणारा जुना प्रोग्रामच वापरायचा असेल तर आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग त्या प्रोग्रामपुरता वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा. तो कॉम्प्युटरवर चिकटवून ठेवू नका, आणि ओटीपी फोनवर कुणाला सांगू नका, मेल लावून देणाऱ्यालाही नाही.

मेल येतो पण जात नाही? पाठवायचा सर्व्हर वेगळा असतो. त्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५ टाकलेला असेल तर काढा, ५८७ ला स्टार्टटीएलएस किंवा ४६५ ला एसएसएल ही सुरक्षा लावा. यायच्या बाजूला आयमॅपचा ९९३.

कंपनीच्या डोमेनवर युजरनेम म्हणून सहसा पूर्ण पत्ता लागतो, ॲटच्या आधीचा तुकडा चालत नाही.

सर्टिफिकेटचा, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या दाखल्याचा, इशारा आला की डोळे झाकून 'कन्फर्म' दाबणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला असेल तर लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि चांगलं सर्टिफिकेटही खोटं ठरतं. सेल बदला, काम झालं. तारीख बरोबर असेल तर सर्व्हरचं नेमकं नाव होस्टिंगवाल्याला विचारा.

जीमेलमध्ये सगळं दोनदा उतरत असेल तर ब्राउझरमधल्या लेबल सेटिंगमध्ये 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप'ची खूण काढा.

आणि आपल्याकडं मराठी-कानडी दोन्ही चालतं, म्हणून एक. कानडीच्या नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला नुसती चिन्हं दिसतात. थंडरबर्डचं एन्कोडिंग बदलत बसू नका, तिथं बिघाड नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर पीडीएफ करून जोडा.