वेळ अमावस्येआधीची तयारी: पट्ट्यांचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर

वेळ अमावस्येला अख्खं लातूर शेतात असतं, मोंढ्यात शुकशुकाट. आडतीचा पट्ट्यांचा (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्यांचा) डेटाबेस पोस्टग्रेस 13 वरून 16 वर न्यायला तोच दिवस ठरवलाय. पद्धत लॉजिकल रेप्लिकेशनची: नवा सर्व्हर जुन्याची कॉपी घेतो आणि पुढचे बदलही त्याच्याकडे येत राहतात. 13 चा सपोर्ट नोव्हेंबर 2025 मध्ये संपला, त्यामुळे आता पुढे ढकलायचं नाही. पण तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा.

आरडीएसवर (अॅमेझॉनची क्लाउडमधली डेटाबेस सेवा) वॉल लेव्हल, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत (वॉल) किती तपशील लिहायचा ते, थेट बदलता येत नाही. आपला स्वतःचा पॅरामीटर ग्रुप (सेटिंगचा संच) करून त्यात आरडीएस डॉट लॉजिकल रेप्लिकेशन 1 करा आणि जुना सर्व्हर रीबूट करा. ते रात्रीच, सौदा चालू असताना नाही. कनेक्शन नवा सर्व्हर जुन्याकडे उघडतो. म्हणून 5432 पोर्ट जुन्याच्या बाजूला मोकळं हवं.

मग प्रत्येक टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) आहे का ते तपासा. तोलाईच्या जुन्या टेबलला नसेल आणि ते पब्लिकेशनमध्ये (जुन्याकडून पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घेतलं, तर जुन्या सर्व्हरवरच अपडेट आणि डिलीट अडतात, म्हणजे चालू काम बंद. रेप्लिका आयडेंटिटी फुल करून, म्हणजे कीऐवजी अख्खी ओळच ओळख म्हणून वापरून, भागतं, पण मोठ्या टेबलला ते फार जड जातं. की घालणंच बरं. टेबलांचा सांगाडा आधी पीजी डंपने (पोस्टग्रेसची कॉपी काढायची कमांड) नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवा आणि त्यानंतर कुणीही कॉलम वाढवू नका. तो बदल आपोआप पलीकडे जात नाही.

सगळ्यात जास्त लक्ष स्लॉटवर ठेवा. नव्या सर्व्हरने कुठपर्यंत वाचलं याची जुन्यावरची खूण म्हणजे स्लॉट. मागच्या सोयाबीनच्या हंगामात चाचणीचा सर्व्हर आम्ही तसाच काढून टाकला, स्लॉट मात्र जुन्यावर राहिला. कुणी वाचणारं नसलं तरी स्लॉट वॉल धरून ठेवतो. डिस्क भरली आणि ऐन आवकेच्या सकाळी पट्ट्या निघेनात. शेतकरी ट्रॅक्टरपाशी ताटकळले, ते मला अजून टोचतं. म्हणून आधी सब्स्क्रिप्शन (नव्या सर्व्हरची जुन्याशी जोडणी) ड्रॉप करा, मगच सर्व्हर काढा. रोज सकाळी पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स (स्लॉटांची यादी) उघडून स्लॉट 'अॅक्टिव्ह' आहे का बघा, मोकळ्या जागेचा अलार्म लावा. मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझची मर्यादा घातली तर डिस्क वाचते. पण ती ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि कॉपी पहिल्यापासून करावी लागते.

लाइट गेली तरी काम तुटू नये म्हणून कमांड ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नको, क्लाउडमधल्या मशीनवर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा.

अमावस्येच्या सकाळी जुन्यावर नोंदी थांबवा, लॅग (नवा सर्व्हर जुन्याच्या किती मागे आहे ते) शून्य होऊ द्या, दोन्हीकडच्या ओळी मोजा. सीक्वेन्सचे (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या काउंटरचे) आकडे रेप्लिकेशनमध्ये येत नाहीत. नव्या सर्व्हरवर पट्टी क्रमांकाचा सीक्वेन्स सेटव्हॅल कमांडने शेवटच्या पट्टीच्या पुढे न्या, नाहीतर पहिलीच पट्टी डुप्लिकेट म्हणून नाकारली जाईल. एक चाचणी पट्टी काढून बघा, मगच अॅपचा पत्ता बदला.